मागची पावलं

म्हाताऱ्या शिंप्याने काठीने उंबरठा चाचपला आणि गल्लीत पाय टाकला. दारातून मुलगी म्हणाली,

"बाबा, औषधाच्या दुकानात एकट्याने जाऊन या. नीट परत आलात, तर इथेच राहा. चुकलात, तर माझ्याकडे यायचं. मग कुरकुर नको."

"अगं, ही गल्ली माझ्या पायांना पाठ आहे," तो ऐटीत म्हणाला.

होतीच पाठ. जुन्या शहराच्या या भागात गाडी शिरायला जागा नव्हती; बेकरी, न्हावी, औषधं, सगळं हाकेच्या अंतरावर. डोळे गेले तरी त्याचं कुणावाचून अडलं नाही. बेकरीपुढचा खचलेला दगड, न्हाव्यापाशी डुगडुगणारी फरशी, आपल्या दारासमोरचा उंचवटा, एवढ्या भांडवलावर तो बिनघोर हिंडायचा. मग लोकांना चालणं सोपं व्हावं म्हणून गल्ली खणून नवी सपाट फरशी घातली गेली. तेवढे दिवस मुलगी येऊन राहिली. काम कालच संपलं होतं.

जाताना बेकरीच्या भट्टीच्या वासाने त्याला सांभाळून घेतलं. औषध घेऊन निघाला, तोवर भट्टी विझली होती. पायाखाली नुसतं गुळगुळीत. कुठला दगड काही सांगेना.

तेवढ्यात मागे चपला वाजल्या. डावी चप्पल घासत चालायची मुलीची लहानपणापासूनची खोड. त्याला राग आला, आणि हायसंही वाटलं.

तो चालत राहिला. मागची पावलं थांबली. तो आणखी थोडा पुढे गेला, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो मागे वळून पावलं थांबली होती तिथवर आला, भिंतीकडे हात लांबवला. हाताला आपल्याच दाराची कडी लागली.

"जिंकलात बाबा!" मुलगी म्हणाली. "राहवेना, म्हणून आले मागोमाग."

"मागे होतीस? मला पत्ताच नाही."

संध्याकाळी ती आपली बॅग घेऊन घरी गेली. जाताना तिची पावलं हलकी पडत होती, हे त्याने दारात उभं राहून ऐकलं.

सकाळी पाव संपला होता. शिंपी पिशवी घेऊन उंबरठ्याशी आला. एक पाऊल बाहेर टाकलं आणि कान देऊन उभा राहिला. गल्लीत बरीच पावलं वाजत होती. डावी चप्पल घासणारं त्यात कुणी नव्हतं.

त्याने पाऊल आत घेतलं आणि दार लावलं.