मागच्या सीटवर दिवस बुडालाय

गाडी तुम्ही घालवलीत. दुसऱ्या कुणाचं नाव पुढे करू नका. नेमिनाथ चौगुलेच्या परसात, भर उन्हात, बॉनेटवर हात टेकून तुम्ही उभे होता आणि त्याच गाडीबद्दल म्हणालात, "ही गाडी इथे नाही."

"साहेब, तुमचा हात हाय तिच्यावर," नेमाण्णा म्हणाला.

"इतकी जुनी गाडी आता कुठेच नसते. ही भंगारात गेली. वरून तसं ठरलंय."

"मग ही कुठली?"

तुम्ही रुमालाने हात पुसलेत, जीपमध्ये बसलात आणि निघून गेलात. त्या क्षणापासून गाडी जायला लागली. मागच्या सीटकडून.

मागच्या सीटवर त्या वेळी त्रिशला बसली होती, नेमाण्णाची बायको. तुम्ही तिला पाहिलंत. तिनं तुम्हाला पाणी विचारलं होतं. दुपारचं ती तिथंच बसायची, मांडीवर सूप घेऊन तूर निवडत. पुढच्या सीटची स्प्रिंग टोचते म्हणून मागे. सूतगिरणीतून सुटल्यावर नेमाण्णानं ही फियाट खटाऱ्याच्या भावात आणली होती, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. गावात पोरं तिला हसायची. टायर दबून खराब होऊ नयेत म्हणून त्यानं ती विटांवर चढवून ठेवली होती. चाकं जमिनीपासून वीतभर वर लोंबायची. इंजिन त्यानं स्वतःच खोललं, स्वतःच भरलं. कुणी शिकवलं नव्हतं. गाडी झाली की कुंभोजच्या बाहुबलीला जायचं, असं नवरा-बायकोचं ठरलेलं. ते इतक्या वर्षांपासून ठरलेलं होतं की त्रिशला गाडीत बसली की म्हणायची, "मी पोचले. तुमी या सावकाश."

तर तुम्ही गेल्यावर त्रिशलानं चहाचा रिकामा कप पुढे केला. नेमाण्णा ड्रायव्हरच्या सीटवर होता. त्यानं वळून हात लांबवला. कप हाताला लागेना.

"हात आखडले काय तुमचे?" ती हसली.

त्यानं गुडघे सीटवर टेकून आणखी हात लांबवला. कप आणखी मागे गेला. कपामागे त्रिशला आणि त्रिशलामागे मागची काच. संध्याकाळी ती वसाहतीच्या नळाइतकी लांब होती. दुसऱ्या दिवशी तिच्याशी बोलायला ओरडावं लागलं.

बाहेरून गाडीत काहीच फरक नव्हता. मागचं दार उघडलं की आत रिकामी सीट दिसायची, उसवलेल्या कव्हरची. त्रिशला दिसायची ती पुढच्या सीटवरून वळून पाहिलं तरच. ती चालत पुढे यायची, पण ती चालायची तेवढी सीट तिच्या पायाखाली वाढायची. शेवटी पाय दुखायला लागले म्हणून ती बसून राहिली.

शेजारच्या बंडा मगदूमनं स्वतः पुढे बसून, वळून खात्री केली. बंडाची पिठाची गिरणी. भुवया कायम पांढऱ्या आणि तोंड कायम सुरू.

"वैनी, लांबून बऱ्या दिसतासा!" तो ओरडला.

"तुमी जवळनं बी दिसत न्हाईसा," तिकडून बारीक आवाज आला. "पीठ पुसा तोंडावरचं."

बंडा बाहेर आला तेव्हा मात्र हसत नव्हता.

नेमाण्णानं भाकरी-भाजीचं ताट मागच्या सीटच्या कडेवर ठेवलं. सीट वाढत होती, त्यामुळे ताट आपोआप सरकत तिच्यापर्यंत गेलं. तिनं झाकण काढलं, पाहिलं आणि परत झाकलं.

"जेव की गं," तो ओरडला.

"इथं दिवस बुडालाय. आता कसं जेऊ?"

बाहेर सकाळ होती. कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. नेमाण्णानं डोळे बारीक करून मागे पाहिलं. तिच्या भोवती खरंच दिवेलागणीनंतरचा काळोख होता. त्रिशला जैनाघरची, उभ्या जन्मात दिवस बुडाल्यावर जेवली नव्हती. बाळंतपणात नाही, टायफॉइडमध्ये नाही. पाण्याचा घोट नाही.

"मग सकाळी खा."

"इथं सकाळ हुईत न्हाई हो."

तो तुमच्या कचेरीत आला. बाकावर बसला. तुम्ही त्याला आत घेतलंत आणि विचारलंत, "कोणती गाडी?" त्यानं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "गाडीच नाही, तर गाडीत बाई कशी असेल?" आणि तुम्ही हसलात. तुमच्या टेबलावर केळी होती. तुम्ही एक सोललंत. नेमाण्णा त्या केळ्याकडे पाहत राहिला, कारण त्याच्या घरातलं एक माणूस उपाशी होतं.

तो परतला तेव्हा गाडीचं डावं मडगार्ड पातळ झालं होतं. वसाहतीतली माणसं आजवर गाडीला वळसा घालून नळावर जायची. आता ती सरळ जायला लागली, मडगार्डमधून. घागरी घेऊन. कुणाला काही लागत नव्हतं. एकीनं तर हेडलाइट होता तिथं दोरी बांधून कपडे वाळत घातले.

मागच्या ब्रेकला तेल आलंय का पाहताना नेमाण्णाचा हात चाकाला लागला आणि चाक थोडं उलटं फिरलं. आतून त्रिशला ओरडली, "अवो! आत्ता जवळ आला तुमी!"

त्यानं चाक हातानं उलटं फिरवलं. ती जवळ आली. सुलटं फिरवलं, लांब गेली. गाडी विटांवर होती, जागची हलत नव्हती, पण आतलं अंतर चाकाचं ऐकत होतं. मग त्यानं आणि बंडानं दोन चाकांना दोघं लागून दिवसभर चाकं उलटी फिरवली. टायरवर बंडाच्या पिठाचे पंजे उमटले. त्रिशलाच्या कपाळावरचं कुंकू दिसण्याइतकी ती जवळ आली. ओठ सुकून फुटलेले दिसले. बंडानं घाम पुसायला हात सोडला आणि ती होती त्याहून लांब गेली.

"हे हाताचं काम न्हाई," नेमाण्णा म्हणाला. "इंजिन चालू करून रिव्हर्स टाकायला पायजे. मागं जायचं, तिला पुढच्या सीटवर घ्यायचं आणि परत यायचं. हितं ऊन हाय. हितं ती जेवंल."

त्यानं गिअरबॉक्स उतरवला, फरशीवर गोणपाट टाकून खोलला. रिव्हर्सचं चक्र हातात आलं तेव्हा त्याला एकही दात नव्हता. म्हाताऱ्याच्या तोंडासारखं नुसतं बोळकं. तो पार्टच्या दुकानात गेला. दुकानदार त्याला वर्षानुवर्षं ओळखत होता.

"फियाटचा रिव्हर्स गिअर द्या."

"अशी गाडी कधी नव्हती, अण्णा," दुकानदार म्हणाला. त्याच्या मागच्या भिंतीवर त्याच गाडीचा सायलेन्सर टांगलेला होता.

परसात येऊन नेमाण्णा फरशीवर बसला. बंडाला गप्प बसवेना. तो म्हणाला, "माझ्या मेव्हण्यानं एकदा काय केलं ठावं हाय? मागच्या ॲक्सलच्या गोळ्यात ती मोठी दातेरी चकती असती का न्हाई, क्राऊन? गड्यानं ती उलट्या अंगाला बसवली. गाडी चालू, मालक खुश, पयला टाकला तर गाडी मागं! दुसरा टाकला, जोरात मागं! टॉपला तर सुसाट मागं. आन् पुढं यायचं तर रिव्हर्स टाकायचा. मालक बाजारातनं पाठमोरा गेला बघ, लोकांस्नी नमस्कार करत."

बंडा स्वतःच हसला. नेमाण्णा हसला नाही. तो गाडीखाली वाकून ॲक्सलच्या गोळ्याकडे पाहत होता.

"चारी गिअर मागं जात्यात?"

"चारी."

"मग रिव्हर्सच्या दाताचं कामच काय?"

बंडानं तोंड उघडलं होतं काहीतरी बोलायला. पण नेमाण्णा एव्हाना पाना घेऊन गाडीखाली शिरला होता आणि आतून त्रिशलाचा आवाज यायचा थांबला होता. दोघांना घाई झाली.

बिनदाताचं चक्र त्यानं तसंच परत भरलं आणि गिअरबॉक्स चढवला. ॲक्सलचे दांडे ओढून काढले, गोळा खोलला, काळं दाट तेल थाळीत सोडलं, क्राऊन उलट्या अंगाला बसवला, बोल्ट आवळले. सगळं नीट बसलं. हात काळे झाले. डावं मडगार्ड तोवर पूर्ण गेलं होतं आणि डाव्या दारातून पलीकडची कोंबडी दिसत होती.

सेल्फ लागला. चोक ओढला. इंजिन खोकलं आणि चाललं. विटांवर लोंबणारी चाकं उलटी फिरू लागली.

पहिल्यात काळोख जवळ आला. दुसऱ्यात ताटाची कड चमकली. तिसऱ्यात समोरच्या काचेतून घर मागे पडू लागलं, मग परस, मग बंडा, मग पाण्याची टाकी. टॉपला त्याला त्रिशला दिसली. आडवी पडलेली, सूप उशाला घेतलेलं. मागची सीट धाडकन येऊन त्याच्या पाठीला टेकली. त्यानं वळून तिला बगलेत हात घालून उचललं. तिचं वजन रिकाम्या सुपाइतकं भरलं. तिला पुढे बसवलं.

"स्प्रिंग टोचती," ती म्हणाली.

त्याला रडू आलं.

ताट तिच्या मांडीवर होतं. भोवती काळोख, पण समोरच्या काचेत, खूप लांब, घर काड्यापेटीएवढं उन्हात उभं होतं. टाकीवर सूर्य टेकलेला. अजून होता.

"चला," ती म्हणाली. "अंगावर ऊन आलं की खाते."

पुढे जायचं म्हणजे रिव्हर्स टाकायचा. नेमाण्णानं दांडा ओढला आणि तेव्हा त्याला ते बिनदाताचं चक्र आठवलं. आतून नुसती घरघर आली. दात असते तर लागला असता. त्यानं परत ओढला. घरघर. इंजिन बंद केलं. बंद गाडी मागे चालली, कारण तुमचा शब्द अजून चालू होता.

"काय झालं?"

"काय न्हाई. बस तू."

घर काडीच्या गुलाएवढं झालं. तेवढ्यात गाडीला हिसका बसला आणि घर किंचित मोठं झालं. परत हिसका. नेमाण्णानं काचेला नाक लावलं. लांब, परसात, एक पांढरट माणूस चाकाशी वाकला होता आणि ते सुलटं फिरवत होता. एकटाच. थांबत नव्हता. घाम पुसत नव्हता. घर काड्यापेटीएवढं झालं, मग पाटाएवढं. ऊन बॉनेटवर चढलं. काचेतून आत आलं. डॅशबोर्डवर आलं. त्रिशलानं भाकरीचा तुकडा मोडून हात पुढे धरला. ऊन तिच्या नखांवर आलं, बोटांवर आलं, तुकड्याच्या कडेला लागलं.

तेव्हा बंडाच्या मागे तुमची जीप येऊन थांबली. जीपमागे क्रेन. तुम्ही बंडाला दंडाला धरून बाजूला केलंत. त्याचे पंजे टायरवर पांढरे राहिले. तुमची माणसं विटांना पाय लावून उभी राहिली. तुम्ही स्वतः हुकाची साखळी ओढलीत, खाली वाकलात, आणि लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज वसाहतभर ऐकू गेला.

थांबा. वीट काढायच्या आधी उत्तर द्या. गाडी इथे नाही म्हणालात ना? मग हा हुक कशात अडकलाय?