सदतिसावी ओळ

शिंचू शहराच्या वाऱ्यावर तांदळाच्या शेवया वाळत घालतात, तसा सू-छिनने आपला राग तीन वर्षं वाळत घातला होता. ओला राग नासतो. वाळलेला टिकतो.

तिची कंपनी फाइलींची सामायिक गोदामं बनवायची. चार यंत्रं एकजुटीने एकच साठा सांभाळत. एक थांबलं की दुसरं त्याचं काम उचले. कोणती फाइल कोणाच्या हातात आहे, याची नोंद चौघांत फिरत राही. तीन वर्षांपूर्वीच्या ८.२ अपडेटसोबत गिऱ्हाइकांना जाणाऱ्या बदलांच्या यादीत सू-छिनने एक इशारा लिहिला होता: थांबवलेल्या यंत्राकडे नोंदी परतल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. विभागप्रमुख च्वांगसाहेबांनी अपडेट निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती ओळ काढायला लावली. "असल्या ओळींनी गिऱ्हाईक बिचकतं गं!"

ताइचुंगच्या एका कार्टून स्टुडिओने ते अपडेट बसवताना घाईघाईत एकामागोमाग एक यंत्रं थांबवली. फाइलींवर फाइली लिहिल्या गेल्या, आणि अकरा दिवसांची चित्रं पुसली गेली.

भर बैठकीत साहेब म्हणाले, "सू-छिनने मला काही सांगितलंच नाही." मग हसून म्हणाले, "पिवळं पाकीट ठेवलं असेल हिने यंत्रांवर!"

सगळे खिदळले. यंत्रं शहाण्यासारखी वागावीत म्हणून त्यांच्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवायचं, हे तिथे कोणाला सांगावं लागत नाही; पिवळं ठेवलं की यंत्रं रुसतात. तेव्हापासून दर वर्षी त्याच तारखेला साहेब तिच्या टेबलावर एक पिवळं पाकीट ठेवून जात. तिला प्रोग्राम लिहिण्यावरून काढून याद्या लिहायला बसवलं होतं. पाकिटं ती खणात जपून ठेवी.

आज नवं अपडेट निघायचं होतं. यादीवर साहेबांचा लाल शिक्का पडला, की दुपारी दोनला ते आपोआप गिऱ्हाइकांकडे जाणार.

"काय गं, झाली का तुझी वाणसामानाची यादी?"

"झाली, साहेब. एक्केचाळीस बदल. वाचून शिक्का मारा."

"पहिलं पान वाचलं. नव्या सोयी झकास मांडल्यास. मागे दुरुस्त्याच ना?"

"दुरुस्त्याच. पण वाचा, साहेब."

"त्या कोण वाचतं?"

"ज्यांचे हात पोळलेत ते. एकदा नजर तरी टाका."

तीनदा सांगून झालं. साहेबांनी शिक्का लाल शाईत दाबला आणि कागदावर उमटवला.

अडीच वाजता शेजारचा आ-खाय खुर्चीसकट सरकत आला. "ताई, सदतिसावी ओळ तू लिहिलीस?"

"वाच की मोठ्याने."

त्याने वाचली. "आवृत्ती ८.२ मधली चूक दुरुस्त केली. नोंदी परतण्याआधी दुसरं यंत्र थांबवल्यास फाइली पुसल्या जात. मूळ यादीत याचा इशारा होता. विभागप्रमुख च्वांग यांच्या सांगण्यावरून तो आदल्या संध्याकाळी काढण्यात आला." त्याने मान वर केली. "अगं, मेलीस तू!"

"मेले होते. तीन वर्षांपूर्वी."

तेवढ्यात साहेब केबिनमधून धावत आले. गळ्यातला टाय खांद्यावर गेला होता. "ती ओळ काढ! आत्ताच्या आत्ता!"

"यादी अपडेटच्या पोटात आहे, साहेब. ओळ काढायची तर अपडेटच परत बोलवावं लागेल. ते का बोलावलं, हेही नव्या यादीत लिहावं लागेल. लिहू?"

"तुझी नोकरी..."

"शिक्का तुमचा आहे."

केबिनमधला फोन वाजू लागला. वाजतच राहिला. साहेबांनी परतून तो उचलला, तशी सू-छिन खण उघडून त्यांच्या मागोमाग गेली. पलीकडचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. "ताइचुंगहून लियेन बोलतेय, स्टुडिओची यंत्रं सांभाळते ती. चूक सू-छिनची म्हणून तुमच्याकडून कळलं, आणि तीन वर्षं मी तिला शिव्या घालतेय. ओळ काढणारे ते तुम्हीच ना?"

साहेबांनी फोनवर हात ठेवला. सू-छिनने त्यांच्यासमोर एक पिवळं पाकीट ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं.

"बोला, साहेब," ती हळूच म्हणाली. "त्या वाट बघतायत."