बारा नंबरचा नवरा

बारकीच्या नवऱ्याचे पाय बारा नंबरचे होते. बाकीचा नवरा नव्हताच.

होते ते नुसते बूट. आईनं जुन्या बाजारात तासभर घासाघीस करून आणलेले, तपकिरी, पुढून होडीसारखे. एवढ्या पायाचा माणूस त्यांच्या सात पिढ्यांत कुणी बघितला नव्हता. पण आईचं डोकं सरळ चालायचं. पोरगी पहिल्यांदा एकटी परगावी निघालीय, लॉजात उतरणार, तर दाराबाहेर हे बूट ठेवायचे. येणाऱ्याजाणाऱ्यानं ते बघावेत, आतल्या गड्याचा अंदाज बांधावा आणि मुकाट पुढं व्हावं. आणि अधूनमधून त्याच्याशी बोलायचं, हेही बजावलं. नुसत्या बुटांवर लोक विश्वास ठेवत नाहीत.

बारकी दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या दुरुस्त करायची. त्या वरखाली होणाऱ्या, माणसाला आडवं पाडणाऱ्या खुर्च्या. सहा वर्षं उस्तादाच्या हाताखाली काढली, पण सगळं गावातल्या गावात. परगावचं काम आलं की उस्ताद स्वतःच पिशवी खांद्याला लावणार. बाईमाणसाला एकटं धाडायचं म्हणजे जिवाला घोर, असं त्याचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता, काळजीपोटीच बोलायचा. पण त्याच्या त्या काळजीपायी बारकी सहा वर्षं त्याच चार दवाखान्यांत घाण्याच्या बैलासारखी फिरत होती. या खेपेला उस्तादाची कंबर धरली, म्हणून तिची वर्णी लागली. तीही अटीवर. चारच्या ठोक्याला दवाखान्यात हजर व्हायचं. नाही पोचलीस तर उद्या सकाळी कंबरेला पट्टा आवळून मी निघतो, आणि पुन्हा परगावचं नाव माझ्यापुढं काढायचं नाही.

लॉजात ती दुपारी एक वाजता पोचली. मॅनेजर म्हणजे हँगरला लटकवलेला शर्ट. त्यानं विचारलं, एकट्याच? बारकीनं सांगितलं, हे मागून येतायत. वर गेली, दाराची कडी आवळली, बूट मांडले, डबा खाल्ला, पाठ टेकली. तीन वाजता पिशवी उचलून दार उघडलं आणि तसंच परत लावलं.

समोरच्या खोलीबाहेर बूट होते. काळे, नाडीचे, तळाला वाळलेला चिखल. तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ शोभतील असे. त्यात भर म्हणून आतून खोकला आला. जाड, छातीच्या तळातून.

बोळ एवढा चिंचोळा की जिन्याकडं जायचं तर त्या दाराला खांदा घासूनच जावं लागणार. मागं एकदा एका जिन्यात एकानं तिची वाट अडवली होती. वरून कुणीतरी उतरलं म्हणून निभावलं. पण त्या जिन्याच्या एकोणीस पायऱ्या तिला अजून पाठ होत्या.

मग तिला आईचं बोलणं आठवलं. ती दाराला तोंड लावून मोठ्यानं म्हणाली, "अहो, समोर कुणीतरी उतरलंय वाटतं. तुम्ही बाहेर जाऊ नका हां. मागच्या वेळी त्या बिचाऱ्याचा हात खांद्यातून उखडलात."

समोर खोकला एकदम थांबला.

बारकीला हुरूप आला. तिनं पिशवी जमिनीवर आदळली. आतलं लोखंड असं खणखणलं की खिडकीतली कबुतरं उडाली. अहो, तो पान्हा ठेवा बघू खाली, असं ती दोनदा विनवून म्हणाली. समोरून तीन खोकले आले, एकामागून एक, तिन्ही अगदी एकाच मापाचे. म्हणजे गडी भ्यायलेला नव्हता, तयारीत होता.

साडेतीन वाजत आले. तिनं खाली फोन लावला, जरा वर येता का, सोबतीला. मॅनेजर कुजबुजत म्हणाला की टॉवेल द्यायला तो मघाशी वर आला होता आणि बूट बघून तसाच टॉवेलसकट उतरला. दोन पैलवान समोरासमोर उतरलेत, आपण काही वर येणार नाही, टॉवेल हवा तर खाली यावं.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. बारकीनं निघतेच म्हणून सांगितलं, घाम पुसत. डॉक्टर म्हणाले, घाई नको, इथं दिवसच उलटा उगवलाय. एक आजी परगावहून कवळी बसवून घ्यायला आल्या आहेत, चारची वेळ दिलीय, पण त्या लॉजातच कोंडून घेऊन बसल्यात. समोरच्या खोलीत कुणी माथेफिरू आहे म्हणे. एकाचा हात खांद्यातून उखडलाय, आता पान्हा घेऊन बसलाय, आणि बायको बिचारी गयावया करतेय.

बारकीनं लॉजचं नाव विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं. ते हेच होतं. अर्ध्या तासात तिच्या नवऱ्याची गावभर कीर्ती झाली होती.

मग तिनं बाहेर येऊन समोरचं दार वाजवलं. "आजी, उघडा. हात उखडणारी मीच आहे."

आत खाट करकरली. मग एक कापरा आवाज. "बायकोला पुढं घालतोस होय रे मेल्या? लाज कशी वाटत नाही?"

बारकीनं बुटांची सगळी कथा दाराला सांगितली. आजी काही सहज पटणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी किल्लीच्या भोकाला डोळा लावला आणि हुकूम सोडला.

"मग घालून चालून दाखव. आत गडी असेल तर त्याचे बूट तुला घालू देणार नाही."

बारकीनं बुटांत पाय सोडले. दोन पावलं फटाक फटाक टाकली. तिसऱ्याला एक बूट जागीच राहिला आणि ती पुढं जाऊन दोन्ही हातांवर आदळली. लगेच दार उघडलं. दारात छत्री भाल्यासारखी धरलेली म्हातारी, उंचीला कडीच्या जरा वर. मागं खाटेवर तिचा फोन खोकत होता.

"भाचा आहे," आजी म्हणाल्या. "मागं त्याला खोकला झाला होता, तेव्हा फोनमध्ये भरून घेतला. औषध नंतर दिलं."

आणि बूट? बूट आमच्या ह्यांचे. ह्यांना गाडी लागते, ते कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडं जात नाहीत. बूट मात्र बत्तीस वर्षं आपल्याबरोबर फिरतायत, ह्यांच्यापेक्षा जास्त जग बघितलंय त्यांनी, असं आजींनी सांगितलं आणि मग दोघी भिंतीला टेकून पोट धरून हसल्या. हसता हसता बारकीचं लक्ष घड्याळाकडं गेलं. पावणेचार. तिचं तोंड बघून आजींनी छत्री काखेत मारली. चपला पायात सरकवल्या आणि तिच्या आधी जिना उतरल्या.

खाली मॅनेजरनं भीत भीत विचारलं, ते दोघं?

"झोपलेत," आजी म्हणाल्या. "उठवू नकोस."

दवाखान्यात पोचल्या तेव्हा चारला दोन मिनिटं कमी होती. बारकी खुर्चीखाली शिरली ती पाय तेवढे बाहेर ठेवून. पेडलची वायर डॉक्टरांच्या स्टुलाच्या चाकाखाली सापडून चेंगरली होती. तासाभरात नवी वायर पडली, खुर्ची गुरगुरली आणि उठून बसली. पहिल्या फेरीला आजी बसल्या. वर गेल्या, खाली आल्या, "आणखी एकदा," म्हणाल्या.

पाचला उस्तादाचा फोन. आधी तो डॉक्टरांशी बोलला, मग बारकीशी. बराच वेळ घसा साफ करत राहिला. शेवटी म्हणाला की पुढच्या महिन्यात लांबच्या गावी तीन खुर्च्या आहेत, दोन दिवसांचा मुक्काम पडेल.

"जाते," बारकी म्हणाली. "पण लॉज मी निवडणार. तुम्ही सांगितलेल्या लॉजात दाराची कडी एका स्क्रूवर लोंबत होती. उतरल्या उतरल्या आधी ती आवळली मी."

उस्तादानं डोक्याला ताण दिला. चाळीस वर्षं तो लॉजांत झोपला होता, त्या खोलीत तर दहा वेळा. पण कडी कशी होती ते काही केल्या त्याला आठवेना.

"कडीत काय बघायचं असतं?" त्यानं विचारलं, अगदी मनापासून.

बारकी तोंड उघडणार तोच खुर्चीतून आजींचा हात पुढं आला. तिनं फोन त्यांच्या हातात दिला. आजींनी कडीपासून सुरुवात केली, बिजागऱ्यांवर आल्या, तिथून खिडकीवर, मग खोली जिन्यापासून किती लांब असावी, काउंटरवर नाव किती हळू सांगावं, कुणाला काय सांगू नये. डॉक्टर कवळी हातात धरून वाट बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले.

फोनमधून उस्तादाचा आवाज आला. "थांबा आजी, जरा दमानं. पेन घेतो."