आकड्याची आरती

बसवनगुडीतल्या त्या कल्याणमंटपात, म्हणजे लग्नाच्या हॉलात, दर रविवारी सकाळी आरती व्हायची, पण तबक कुणाच्याच हातात नसायचं. हातात असायचे रक्ताचे रिपोर्ट. शंभरेक गरोदर बायका, त्यांच्या सासवा आणि सुट्टी वाया गेल्याचं दुःख चेहऱ्यावर घेऊन बसलेले नवरे, सगळे आपापले कागद खिडकीतल्या उन्हाकडे धरून ओवाळायचे. चौरंगावर आप्पाजी बसलेले असत. पूर्वी ते सोलर हीटर विकायचे, त्यामुळे सूर्याशी त्यांचे संबंध तसे जुने होते.

"तुमचा आकडा किती, अम्मा?"

"व्हिटॅमिन डी नऊ आहे, आप्पाजी."

"नऊ म्हणजे नवग्रह रुसले. डी म्हणजे देहातला दिनकर. आठ रविवार माझ्या हातून तेज घ्या. आकडा पन्नासावर गेला, की फ्लूचा विषाणू दारावरची पाटी वाचूनच परत फिरतो."

मग ते कपाळावर अंगठा टेकवायचे आणि पेलाभर केशरी अर्घ्यदूध द्यायचे. आठ रविवारांनी आकडा खरोखर वाढायचा. हीच तर ग्यानबाची मेख होती.

आकडा वाढतो हे प्रणिताला पक्कं ठाऊक होतं, कारण रक्त तीच काढायची. एका लॅबसाठी ती घरोघर जाऊन नमुने घेत असे. तिच्या वहिनीचा, काव्याचा, आकडाही तिच्याच डोळ्यांदेखत नवावरून बावन्नावर गेला होता. काव्याला पाचवा महिना होता. याआधी दोनदा तिचं पोट पडलं होतं, त्यामुळे सगळं घर तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत होतं. डॉक्टर शिल्पाश्रींनी तिला फ्लूची लस लिहून दिली होती. तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली तसाच होता.

"सुईनं तेज उतरतं म्हणाले आप्पाजी," प्रणिताची आई विठाबाई म्हणाली.

"आई, दुधात काहीतरी घालतात गं. डीची पावडर मेडिकलमध्ये मिळते. दुधातूनच घेतात ती."

"रक्त तूच काढलंस ना? शिक्का तुझ्याच लॅबचा ना? मग?"

आपल्याच सुईनं बुवाच्या बाजूनं साक्ष दिली, हे तिला फार लागलं.

तिनं वाद सोडला आणि रांग धरली. आधी स्वतःचं रक्त तपासलं, आकडा आला अकरा. खालच्या घरात राहणाऱ्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या गुंडोकाकांचं तपासलं, ते बारा. मग आठ रविवार तिनं कपाळावर अंगठा घेतला, ओंजळीत ऊन धरलं, मंत्रही म्हटले. दूध मात्र स्वतः न पिता 'घरच्या म्हाताऱ्यासाठी' म्हणून डब्यातून आणलं. गुंडोकाका ते पायरीवर बसून प्यायचे.

"काका, आप्पाजींवर श्रद्धा आहे का तुमची?"

"कोण आप्पाजी? दूध झकास आहे. साखर स्वल्प कमी करायला सांग."

आठ रविवारांनंतर पुन्हा रिपोर्ट आले. सगळं तेज घेतलेली प्रणिता अकरावरच होती. नुसतं दूध प्यायलेले काका छप्पन्नावर पोचले होते.

नवव्या रविवारी भर आरतीत तिनं दोन्ही कागद मोठ्यानं वाचून दाखवले. मग मागच्या स्वयंपाकघरातली कचऱ्याची बादली आणून चौरंगासमोर पालथी केली. केशराच्या डब्या दोन निघाल्या, डी व्हिटॅमिनच्या पावडरीच्या रिकाम्या पुड्या शंभरावर.

पुढच्या रांगेतल्या बायका वाकून पुड्या बघू लागल्या. आप्पाजी मात्र हसले.

"अम्मा, त्या पुडीत गुण कोण घालतो? सूर्यच ना? आणि मी फुकट देतो. मेडिकलवाला देईल?"

टाळ्या पडल्या. विठाबाईनंही वाजवल्या.

"आकडा वाढतो, कबूल," प्रणिता म्हणाली. "पण आकडा वाढला म्हणून फ्लू अडत नाही. लस घ्या हो." ते कुणाला ऐकूच गेलं नाही. तिसऱ्या रांगेत काव्या पदरात खोकत होती.

चार दिवसांत काव्या आयसीयूत होती. फ्लू छातीत उतरला होता.

"डी कमी असलेल्या बायकांत असे आजार जास्त दिसतात, असं काही अभ्यास सांगतात," डॉक्टर शिल्पाश्रींनी प्रणिताला सांगितलं. "पण डी वाढवला की आजार टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. कमी असेल तर औषध आम्हीही देतो. लशीची जागा ते घेत नाही."

बाळ सातव्या महिन्यात आलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं.

आप्पाजींचा निरोप आला, घरातल्या कुणीतरी शंका घेतली म्हणून आकडा उतरला. विठाबाई लेकीशी बोलेनाशी झाली. काव्यानं मात्र घरी आल्यावर प्रणितासमोर हात पुढे केला.

"काढ रक्त. उतरलाच असेल बघ माझा."

प्रणितानं काढलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, एकसष्ट. आकडा बावन्नाहूनही वर होता, बाळ तेवढं नव्हतं. आप्पाजींना खोटं पाडणारा याहून मोठा पुरावा कुणाला आणता आला नसता, आणि प्रणिताला तो फाडून टाकावासा वाटला.

काव्यानं कागद दोनदा वाचला. "उतरला नाही. मग माझं चुकलं कुठं?"

फ्रिजवरचा कागद अजून तिथंच होता. प्रणितानं तिकडे बघायचं टाळलं. "तुझं नाही चुकलं वहिनी," ती म्हणाली. काव्याला ते पटलं नाही.

आरती अजून चालू आहे, गर्दी वाढली आहे. प्रणिता आता रक्त घेताना प्रत्येक गरोदर बाईला विचारते, फ्लूची लस घेतली का? बहुतेकजणी हसतात. आप्पाजी आहेत ना, म्हणतात.

तुम्ही तरी हसू नका. डी कमी असेल तर डॉक्टरांना विचारून औषध घ्या, त्याला कुणाचा अंगठा लागत नाही. चमत्कार दिसला तर एकाला अंगठा द्या, दुसऱ्याला दूध द्या आणि काय होतं ते बघा. पण ते बघेपर्यंत लस लांबवू नका. खरं शोधून काढायला प्रणिताला आठ रविवार लागले. काव्याला सुई टोचून घ्यायला पाच मिनिटं पुरली असती.