पुलावरचा फोन

ऑपरेटरसाहेबांचा फोन न उचलण्याची प्राज्ञा गल्लीत कुणाचीच नव्हती. 'साहेब' हे आपलं लोकांनी लाडानं चिकटवलेलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात घालवून ते निवृत्त झाले होते आणि कुठलीही घंटा तीनदा वाजता कामा नये, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. तिसरी घंटा म्हणजे कुणीतरी कामात कुचराई करतंय. एकुलत्या एका लेकीलाही त्यांनी हेच बाळकडू पाजलं. ती बाथरूममधून साबणाच्या हातांनी धावत येऊन रिसीव्हर उचलायची आणि बाप ते कौतुकानं चारचौघांत सांगायचा.

आता तीच लेक गाडी चालवत होती. एका मोठ्या लॉन्ड्रीची गाडी. दवाखान्यांना धुतलेल्या चादरी पोहोचवायच्या, मळलेल्या गोळा करून आणायच्या. काम तिला मनापासून आवडायचं. बापाच्या मात्र ते पचनी पडलं नव्हतं. सकाळी ती बाहेर पडली की यांचा जीव टांगणीला. त्यातही नदीवरचा तो पूल! अरुंद, वर मालट्रकांची वर्दळ. घड्याळ बघून 'आता गाडी पुलाला लागली असेल' असं वाटलं, की यांच्या पोटात गोळा यायचा आणि गोळा आला की फोन लागायचा. लेक "हो बाबा, ठीक आहे मी" म्हणाली की जीव भांड्यात पडायचा. एकदा तिनं उचलला नाही, तर यांनी लॉन्ड्रीचा मालक, त्याची बायको आणि वाटेवरचे दवाखाने, सगळ्यांना फोन लावून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. तेव्हापासून लेक उचलायची. नसती कटकट नको म्हणून.

मध्यंतरी गाडी पुलाच्या कठड्याला घासली. कुणाला लागलं नाही, पण दार चांगलंच चेपलं आणि मालकानं तिला स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर किल्ली ठेवायची आणि घरी बसायचं. घरी लेकीनं कुत्रं आडवं आल्याचं सांगितलं. ऑपरेटरसाहेबांनी गावातल्या यच्चयावत कुत्र्यांचा उद्धार केला आणि दुसऱ्या दिवसापासून येतानाचाही एक फोन सुरू केला.

तेवढ्यानंही चैन पडेना, तेव्हा एका सकाळी डोळे तपासायचं निमित्त काढून ते स्वतःच लेकीशेजारी जाऊन बसले. डोळ्यांचा दवाखाना तिच्या वाटेवरच होता. "तिला तिचं काम करू द्या की," बायको म्हणाली. पण ऐकतील तर ते ऑपरेटरसाहेब कसले!

गाडीत इस्त्रीच्या चादरींचा ऊबदार वास भरून राहिला होता. लेक चालवत होती झकास. आरशात बघून वळत होती, मागचे गठ्ठे कलंडू नयेत म्हणून गतिरोधकावर अलगद गाडी चढवत होती. आपण उगाच घोर लावून घेतो, असं साहेबांना वाटलं आणि ते जरा ऐसपैस बसले.

पूल आला. पुढे विटांचा ट्रक होता. गाडी चढाला लागली आणि लेकीचा डावा हात स्टिअरिंगवरून निघून गिअरपाशी गेला. तिथल्या खाचेत फोन होता. हात तो चाचपू लागला, आणि हातापाठोपाठ तिची नजरही खाली गेली. पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले.

"अगं!" साहेब ओरडले.

तिनं करकचून ब्रेक दाबला. मागचे गठ्ठे धडाधड पुढे आले. ट्रक आणि गाडी यांच्यात जेमतेम वीतभर जागा उरली.

पूल ओलांडून तिनं गाडी बाजूला घेतली.

"काय शोधत होतीस?"

"फोन."

"पण वाजला कुठे? मी तर इथे बसलोय."

"नाही वाजला. वाजायची वेळ झाली ना, हात आपोआप गेला."

साहेबांनी मागे वळून पुलाच्या कठड्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी कुत्रं नव्हतं."

"नव्हतं."

"मी होतो."

"राहू द्या हो, बाबा."

"मी काय सांगत होतो तेव्हा? असं काय माझं अडलं होतं?"

लेक ओठ दाबून हसली. डोळे मात्र भरले होते. "सांभाळून चालव, म्हणत होतात."

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पुलाला आपण भीत होतो, त्याच पुलावर आपण रोज पोरीचे डोळे रस्त्यावरून उचलत होतो. "चुकलं माझं," ते म्हणाले. लेकीला असं म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ. "उद्यापासून फोन करायचा नाही. तूही बंद करून ठेव. पण मला धास्ती वाटेल, तिचं काय करू?"

"आई आहे की घरात. तिच्याशी बोला."

"तिला कुठे काय वाटतं! ती आपल्या कामात दंग असते."

लेकीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी तिनं बापाच्या देखत फोन बंद करून डब्याच्या पिशवीत तळाशी टाकला आणि ती निघाली. साहेबांनी वर्तमानपत्राचं एकच पान चारदा वाचलं. पुलाची वेळ झाली. हात शिवशिवायला लागले, तेव्हा त्यांनी मनाचा हिय्या करून आपला फोन कपाटावर ठेवून दिला आणि ते स्वयंपाकघरात गेले.

बायको ओट्यापाशी उभी होती. हातात सुरी होती, पण ती चालत नव्हती. नजर भिंतीवरच्या घड्याळाला लागलेली.

"अगं, पुलावर असेल आता," साहेब म्हणाले.

"थांबा जरा," ती म्हणाली.

दोघं शेजारी शेजारी उभी राहून काटा बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं श्वास सोडला. "उतरली," ती म्हणाली आणि भाजी चिरू लागली.

साहेब थक्क होऊन तिच्याकडे बघतच राहिले. "तू रोज अशीच उभी राहतेस?"

"मग काय करू? गाडी चालवत असताना तिला फोन करू?"