देल्फिनच्या डोळ्याला लावलेली दुर्बीण

त्या मंगळवारी न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँटला शर्यती नव्हत्या. घोडे तबेल्यात उभे होते, तिकिटांच्या खिडक्या बंद होत्या आणि ओरिन व्हॅन्डरमार्क आपल्या स्वयंपाकघरात अनवाणी कॉफी पीत बसला होता. मी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली होते.

मी एक दुर्बीण. दोन नळ्यांची, पितळेची, वर काळं कातडं चढवलेली. अंगठे टेकतात तिथलं कातडं झिजून आतलं पितळ दिसायला लागलंय.

फोन वाजला. ओरिनला वाटलं, शनिवारच्या शर्यतीची नावं आली. लाँग आयलंडवरच्या एका वर्तमानपत्रात तो घोड्यांचे अंदाज लिहायचा, आणि युरोपातून कोण कोण येतंय हे कळवायला कचेरीतून साधारण त्याच वेळेला फोन यायचा. कानामागची पेन्सिल काढून तो म्हणाला, "हं, सांग."

मग त्याने काहीच लिहून घेतलं नाही. पेन्सिल नुसती हातात राहिली.

देल्फिन मागच्या अंगणातून रिकामी टोपली घेऊन आत आली. "कोण येतंय यंदा?"

"कोणी नाही."

"ओरिन, खोटं बोलताना तू कान खाजवतोस."

त्याने हात खाली घेतला. "डॉक्टरांचा फोन होता. कॅन्सर यकृतात गेलाय म्हणतात."

देल्फिनने टोपलीतले उरलेले चिमटे एकेक करून टेबलावर ठेवले. "बरं," ती म्हणाली. "मग मला घरी ने."

"घरीच तर आहेस."

"त्या घरी."

ते घर मला ठाऊक होतं. मी जन्मले पॅरिसच्या एका कारखान्यात, पण माझं आयुष्य सुरू झालं तिथून जवळच्या शांतिईला. तिथल्या रानातून पहाटे घोड्यांच्या रांगा निघतात, आणि मऊ वाळूवरून पळताना त्यांच्या टापांचा आवाजसुद्धा होत नाही. देल्फिनचे वडील तिथल्या एका तबेल्यात मोतद्दार होते. त्यांनी मला एका म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून घेतलं. घोडा दुरून आधी बघायचा आणि जवळून नंतर, ही त्यांची पद्धत. देल्फिन तीच शिकली. ते गेल्यावर तिने माझं उजवं कडं फिरवून स्वतःच्या डोळ्याला जुळवून घेतलं. तिचा उजवा डोळा डाव्याहून अधू होता. तेव्हापासून ते कडं कोणी हलवलेलं नाही.

ती अमेरिकेत आली ती एका घोडीबरोबर, सामानाच्या विमानातून. मी तिच्या गळ्यात होते. परदेशी घोड्यांना इथे आल्या आल्या वेगळ्या तबेल्यात ठेवतात, रक्त तपासून होईपर्यंत कोणाला जवळ येऊ देत नाहीत. कुंपणाबाहेर एक उंच, वाकलेला तरुण कागद घेऊन उभा होता.

"घोडी कशी आहे?" त्याने विचारलं.

"पाणी पीत नाही," देल्फिन म्हणाली. "पाण्याची चव वेगळी लागते तिला."

त्याने ते जसंच्या तसं छापलं. फेवरिट म्हणून गाजलेली ती घोडी शर्यतीत मागे राहिली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कुंपणापाशी आला, यावेळी कागदाशिवाय. घोडी परत गेली. देल्फिन राहिली. मीही राहिले.

तेव्हापासून दोघांनी काम वाटून घेतलं. अमेरिकन घोड्यांचं सगळं कागदावर असतं: कुठल्या वळणाला किती वेळ लागला, कोण कोणाच्या मागे होता. ते ओरिन वाचायचा. युरोपातल्या घोड्यांच्या कागदावर यातलं फारसं काही नसतं. तिथे जमीन ओली, चढ लांब. घोडे अर्धी शर्यत झोपल्यासारखे पळतात आणि शेवटी जागे होतात. इथली हिरवळ कडक, वळणं आखूड आणि सगळी डावीकडे. तिथला शूर घोडा इथे वळणावरच हरवतो, आणि तिथला साधा इथे वाऱ्यासारखा सुटतो. कोण कसा निघेल ते घोड्याच्या अंगावरच वाचावं लागतं. ते देल्फिन वाचायची, माझ्यातून. ती सांगायची आणि ओरिन लिहायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं.

"तुझ्या बायकोचे डोळे आणि वर तुझं नाव!" रॉको त्याला चिडवायचा. रॉको टेडेस्को पावाची गाडी चालवायचा, आणि शनिवारी शर्यतीच्या मैदानाच्या कठड्यापाशी त्याची जागा ठरलेली होती. "देल्फिन, लेख तूच लिही. हा पाव विकेल माझ्याबरोबर."

"त्याला पावातलंसुद्धा कळत नाही, रॉको," देल्फिन म्हणायची. "तुझा पाव तो आवडीने खातो."

त्या मंगळवारी दुपारी कचेरीचा फोन आलाच. शांतिईहून वालसेरिन नावाची घोडी येत होती. देल्फिनच्या वडिलांनी ज्या तबेल्यात हयात घालवली, तिथलीच.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. देल्फिनला आता प्रवास झेपेल. पुढे झेपेलच असं नाही. किंवा एक नवं औषध आहे, ते सोमवारपासून इथेच इस्पितळात राहून घ्यायचं. गुण येईलच असं नाही. शांतिईहून तिची बहीण एदित फोनवर म्हणाली, "वरची खोली रिकामी केलीय. खिडकीतून रान दिसतं. फक्त ये."

"शनिवारी वालसेरिनला बघते," देल्फिन ओरिनला म्हणाली. "सोमवारी निघू."

"शनिवार तर होऊ दे," ओरिन म्हणाला. मला तेव्हाच धास्ती वाटली. भाव बदलायची वाट बघत पैज लावायच्या खिडकीपासून दूर रेंगाळणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. ती अशीच बोलतात.

शनिवारी तो तिला चाकांच्या खुर्चीतून घेऊन आला. घोडे फिरवतात त्या रिंगणाशी, पांढऱ्या पाइन झाडाखाली, गर्दीने आपोआप जागा करून दिली. देल्फिनने मला डोळ्यांना लावलं. तिचे हात इतके हलके झाले होते की माझं वजन मलाच जाणवलं.

वालसेरिन आली. काळपट तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. बाकीच्या घोड्यांना सोबतीला एकेक शांत घोडा दिलेला होता. ही मात्र आपल्या मोतद्दाराच्या खांद्याला खांदा लावून एकटीच चालत होती. देल्फिनने मला तिच्या तोंडापासून शेपटीपर्यंत सावकाश फिरवलं. मग पुन्हा पोटावर आणून थांबली. बरगड्यांच्या मागे कुशी आत ओढल्या गेल्या होत्या.

मोतद्दार जवळून जाताना तिने त्यांच्या भाषेत विचारलं, "पाणी?"

त्याने मान हलवली. "सफरचंदाचा रस घालून देतोय. ओठ बुडवते, बस."

देल्फिनने मला मांडीवर ठेवलं. "नाही, ओरिन. ही पळायची नाही. हिला घरी जायला हवं."

"पण तिला पहिल्यांदाच इंजेक्शन दिलंय," ओरिन म्हणाला.

युरोपात शर्यतीच्या दिवशी कुठलंही औषध चालत नाही. इथे त्या काळी फुप्फुसातून रक्त येऊ नये म्हणून घोड्याला सुई द्यायचे. पहिल्यांदा सुई घेतलेला युरोपियन घोडा इथे एकदम सुधारतो, हा ओरिनच्या धंद्यातला जुना नेम. छापील कागदावर तशा घोड्याच्या नावापुढे खूण असायची. सगळे अंदाज लिहिणारे आधी ती खूण शोधायचे.

"त्या सुईने अंगातलं पाणी जातं," देल्फिन म्हणाली. "आधीच जी पाणी पीत नाही, तिच्या अंगातलं अजून काढणार?"

"औषध पहिल्यांदा घेतलं की फरक पडतो, देल्फिन. मी हजारदा पाहिलंय."

"घोड्यांत पाहिलंयस."

 त्या दिवशीच्या लेखात त्याने वालसेरिनलाच पहिली लिहिली होती. देल्फिनने बघायच्या आधीच त्याने लेख छापायला दिला, असं कधी घडलं नव्हतं. तिला ते कठड्यापाशी कळलं, रॉकोच्या हातातला पेपर बघून.

"आज तुझे डोळे नकोत वाटतं याला," रॉको म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

"आज त्याला ती जिंकायला हवी आहे," देल्फिन म्हणाली. "ते वेगळं."

फाटक उघडलं. मी तिच्या डोळ्यांवर होते. पापण्या माझ्या काचेला लागत होत्या. वालसेरिन सगळ्यांच्या मागे, कुंपणाला चिकटून. पहिल्या वळणावर ती गोंधळली, डोकं वर गेलं. पल्याडच्या बाजूला मागेच. ओरिन माझ्याविना बघत होता, म्हणजे त्याला फक्त रंगीत ठिपके दिसत असणार. तरी तो पुटपुटत होता, "ये. ये ना. ये." असा आवाज मी त्या कठड्यापाशी पुष्कळ ऐकलाय, पण तो पैशांसाठी असतो.

शेवटच्या वळणावर घोडे पसरले आणि मधे एक फट झाली. वालसेरिनने मान खाली घातली. मला तिच्या नाकपुड्या दिसल्या, आतून लालभडक. ती एकेकाला मागे टाकत आली आणि शर्यत संपते त्या खांबापाशी अर्ध्या डोक्याने पुढे होती.

ओरिनने रॉकोला मिठी मारली. मग खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसून त्याने देल्फिनचे दोन्ही हात धरले, माझ्यासकट. तो रडत होता. "बघितलंस? बघितलंस ना? पाणी पीत नव्हती, वाळली होती, तरी! एक सुई, देल्फिन. एकच."

देल्फिन अजून घोडीकडे बघत होती. घोडी परत येताना थरथरत होती आणि मोतद्दार तिच्या मानेवर हात ठेवून चालत होता.

"जिंकली बिचारी," देल्फिन म्हणाली. "मी चुकले."

"मग सोमवारी औषध घेशील? दोन आठवडे फक्त. फरक पडला की लगेच जाऊ. चालत जाशील तू विमानात."

तिने त्याच्याकडे पाहिलं. घोड्यांना बघते तसं, तोंडापासून सुरुवात करून, सावकाश. मला वाटलं, ती नाही म्हणेल. तशी ती रोखठोक बाई. पण समोरच्याला किती सोसेल तेही तिला दिसायचं.

"तुला एवढं वाटत असेल तर घेते," ती म्हणाली.

ओरिन एवढी वर्षं लिहीत होता. तिच्या डोळ्यांविरुद्ध त्याचा अंदाज तेवढा एकदाच खरा ठरला. तो खोटा ठरला असता तर, असं मी आजही म्हणत असते.

इस्पितळात तिला दक्षिणेकडची खिडकी मिळाली. तिथून केनेडी विमानतळावरून उडणारी विमानं दिसायची. हातात सुई असताना ती दुसऱ्या हाताने मला उचलायची आणि बघायची. सोमवारी दुपारी एक थोराड, बिनखिडक्यांचं विमान वर चढलं.

"ती चालली," देल्फिन म्हणाली.

"कशावरून?" ओरिनने विचारलं.

"तिकडे उतरली की पाणी पिईल."

औषधाचा गुण आला नाही. ओरिन रोज नर्सला विचारायचा: आज काय खाल्लं, वजन किती, झोप कशी. उत्तरं पेपरच्या कडेला लिहायचा आणि त्यांतून चढती रेघ शोधायचा. नर्स जमैकाची होती, मिस ग्रँट. एकदा ती म्हणाली, "बाबा रे, ती माणूस आहे. जरा तिच्याकडे बघ." त्याने मान वर केली. देल्फिनने सूपाचा पेला तोंडाला लावला होता. ओठ बुडवले, बस. कुशी आत गेलेल्या त्यालाही दिसल्या असतील, कारण पेन्सिल खाली ठेवून तो बाहेर गेला.

परत येऊन म्हणाला, "तिकीट काढतो. उद्याचं. आजचं."

"आता मला बसवत नाही, ओरिन."

"झोपून नेता येतं. विचारतो मी. घोडे नेतात तर—"

"ओरिन."

तो थांबला.

"आता राहू दे. नंतर ने मला. एदितला सांग, खोली तशीच ठेव म्हणावं." मग तिने मला त्याच्या हातात दिलं. "आणि ही तुझी. पण कडं फिरव. नाहीतर काही दिसायचं नाही तुला."

नोव्हेंबरात, झाडांची पानं गळून गेल्यावर, ती गेली.

पुढच्या वर्षी युरोपातले घोडे आले तेव्हा ओरिन मला घेऊन पाइनच्या झाडाखाली उभा राहिला. माझ्या डाव्या काचेतून समोरची एक घोडी स्पष्ट होती, उजवीतून धुक्यात बुडालेली. दोन्ही डोळे उघडे ठेवून तो धडपडत बघत राहिला.

"अरे, ते कडं फिरव की!" रॉको म्हणाला.

"राहू दे."

"मग दिसणार काय तुला?"

"तिला जसं दिसायचं तसं दिसतंय."

"तिला धुकं दिसत नव्हतं, गाढवा," रॉको हळूच म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

त्यानंतर ओरिनने लेख लिहिणं सोडलं. मी आता खुंटीवर नाही. बैठकीच्या फडताळात आहे, आणि माझ्या शेजारी एक साधा राखाडी डबा आहे. त्यात देल्फिन आहे. ओरिन येता-जाता फडताळाची काच पुसतो. एदितचा फोन येतो. ती दरवेळी तेच सांगते: खोली तशीच आहे, खिडकी उघडी ठेवते, रान दिसतं. तो म्हणतो, जरा थंडी कमी होऊ दे. मग म्हणतो, उन्हाळ्यात गर्दी असते.

मला बोलता येत असतं तर मी त्याला एवढंच सांगितलं असतं: ओरिन, आता कसला अंदाज बांधतोयस? माझं कडं फिरव, किंवा नको फिरवू. पण आम्हां दोघींना त्या रानाच्या कडेला घेऊन चल. घोडे पहाटे निघतात. मी दुरून ओळखीन.

शांतिईचं तिकीट अजून काढलेलं नाही.