चित्रावरचे आकडे

घरात आता बाप आणि लेक असे दोघंच उरले होते, आणि दोघांनाही एकमेकांशी बोलायची सवय नव्हती. पूर्वी बोलणं व्हायचं, पण ते आईमार्फत. "सांग तुझ्या लेकाला, फाटकाला कडी लावत जा म्हणावं," असं बाप स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणायचा. शेजारच्या खोलीत लेकाला ते स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं. तरी आई हात पुसत जायची आणि नव्याने सांगायची. सांगताना पदरचं थोडं घालायची. "बाबांना काळजी वाटते रे तुझी." काळजीबिळजीचं बाप चकार शब्द बोललेला नसायचा.

"जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढलात तुम्ही," ती त्याला म्हणायची, "पण एक्स्चेंज मीच चालवलं."

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती गेली. तेव्हापासून घरात भांड्यांचे आणि नळाचेच काय ते आवाज.

लेक ड्रोन उडवायचा. डोळ्यांवर तो बोजड गॉगल चढवला की ड्रोनच्या कॅमेऱ्याला जे दिसतं तेच त्याला दिसे, जणू स्वतःच उडतोय. पुलांची, इमारतींची चित्रणं करून द्यायचा तो. आई गेल्यावर एकदाच उडवायला गेला आणि ड्रोन एका भिंतीवर आदळून घेऊन आला. कॅमेरा फुटला होता. त्याने तो खोक्यात घालून पलंगाखाली सारला आणि दूरच्या शहरातल्या एका गोदामात नोकरी धरली. सोमवारी निघायचं होतं. बापाला हे कळलं ते सासरी असलेल्या मुलीकडून, फोनवर.

"बाबा, तुम्ही त्याला राहा म्हणा ना. तुम्ही म्हणालात तर राहील तो."

"म्हणतो की."

"कधी?"

"म्हणतो म्हटलं ना."

पण ते त्याच्या तोंडून निघेना. जेवताना दोनदा घसा खाकरून झाला, दोन्ही वेळा लेकाने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. हात मात्र गप्प बसेनात. लेक बाहेर गेलेला पाहून त्याने पलंगाखालचं खोकं ओढलं, बाजारातून नवा कॅमेरा आणला आणि जपून ठेवलेली जुनी हत्यारं काढून तो बसवला. ड्रोन उडायला लागला तर पोराचं मन पुन्हा त्यात लागेल, मन लागलं तर तो राहील, आणि मग आपल्याला काही म्हणावंच लागणार नाही, असा त्याचा साधा हिशेब.

शनिवारी दुपारी त्याने बॅटरी जोडून गॉगल डोळ्यांना लावला. चित्र आलं. स्वतःचे गुडघे दिसले, खुर्ची दिसली, खिडकी दिसली. पण चित्रावरचे आकडे नव्हते. बॅटरी किती उरली, किती वेळ झाला, हे चित्राच्या कडेला पांढऱ्या अक्षरांत दिसायचं, ते त्याने मागे एकदा पाहिलं होतं. आकडे नसले तर बॅटरी कधी संपेल ते कळणार नाही, आणि ड्रोन दगडासारखा खाली येईल. त्याने बॅटरी काढून घातली, गॉगल बंद करून चालू केला, पुसला. काही नाही. शेवटी तो लेकाच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"जरा बघतोस का?" तो चौकटीला म्हणाला.

लेकाने त्याच्या हातातला ड्रोन बघितला. "हा कुठून काढलात?"

"पलंगाखालून. झाडताना सापडला."

"तुम्ही झाडता?"

"आता झाडतो."

लेकाने ड्रोन लॅपटॉपला जोडला आणि स्वतःशीच बोलावं तसा पुटपुटू लागला. "आकडे दाखवायचं चालू आहे. त्यांच्या जागाही ठीक आहेत. बोर्डातली अक्षरं पुसली गेली असतील, परत भरतो." अक्षरं भरली, बॅटरी जोडली, गॉगल लावला. "नाही. कॅमेरा कुठल्या पद्धतीचा आणलात? पद्धत बदलली की आकडे पडद्याबाहेर जातात."

"दुकानदाराने दिला तो."

"छान." त्याने तीही सेटिंग बदलून पाहिली. मग गॉगल काढून ठेवला. "आकड्यांची चिप गेली असणार, आदळला तेव्हा. राहू द्या बाबा. मी तर चाललोच आहे."

बापाने ड्रोन पुन्हा त्याच्यापुढे सरकवला. "खोलून तर बघ," एवढंच तो म्हणाला.

लेकाने वरची पट्टी काढली आणि खाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"ही तार तुम्ही कॅमेऱ्यातून थेट ट्रान्समीटरला नेलीत?"

"मग? चित्र तिकडेच जायचंय ना?"

"अहो, चित्र आधी या मधल्या बोर्डात येतं. बोर्ड त्याच्यावर आकडे उमटवतो, मग ते पुढे जातं. तुम्ही बोर्डाला वळसा घालून गेलात. तो बिचारा आकडे घेऊन बसलाय, आणि चित्र गेलं परस्पर."

"दोन जोड वाचत होते," बाप म्हणाला. "आमच्या खात्यात तसंच शिकवायचे. जितके जोड कमी, तितका बिघाड कमी."

"जोड मात्र सुरेख मारलाय," लेक म्हणाला आणि हसला. कित्येक दिवसांनी हसला. खुर्ची मागे ढकलून उठताना म्हणाला, "थांबा, आईला सांग—"

आणि तिथेच उभा राहिला. बापाने उगाच स्क्रू गोळा करायला घेतले. मग लेक परत बसला, आणि बापाने चिमट्यात तार धरली, लेकाने सोल्डर केलं. काम झालं. आकडे आले.

रविवारी सकाळी ते गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात गेले. लेकाने आपल्याकडचा दुसरा, जुना गॉगल बापाला दिला. "मला दिसतं ते तुम्हालाही दिसेल. बसून घ्या, गरगरतं."

बाप खोक्यावर बसला. जमीन सुटली, झाडांचे शेंडे पायांखालून गेले. आपलीच दोन ठिपक्यांएवढी माणसं खाली दिसली, एक उभं, एक बसलेलं. कडेला भरलेल्या बॅटरीचा आकडा होता, सोळा व्होल्टच्या जरा वर. डोळे झाकलेले होते, समोर कुणाचं तोंड नव्हतं, म्हणून असेल, त्याला ते म्हणता आलं.

"राहशील का रे?"

ड्रोन किंचित हलला, पण वळला नाही. आकडा पंधरावर आला. बाप त्या आकड्याकडे पाहत राहिला. चौदाच्या जवळ, बॅटरी संपत आली तसा, तो लुकलुकू लागला आणि जमीन हळूहळू वर आली आणि गवताची पाती मोठी होऊन थांबली.

"नाही जमणार बाबा," लेकाचा आवाज आला. "त्या घरात मला झोप लागत नाही. ती खोकतेय असं वाटतं. उठून बघतो."

"मीही उठतो."

"माहीत नव्हतं मला."

"मलाही कुठे होतं?"

"आधी म्हणाला असतात तर—" लेक म्हणाला आणि त्याने पुढचं सोडून दिलं. त्याची पावलं गवतातून लांब गेली. तिकडे त्याने ड्रोनची बॅटरी काढली असावी. बापाच्या डोळ्यांसमोरचं चित्र गेलं, आकडे गेले आणि पांढऱ्या ठिपक्यांची खरखर सुरू झाली.

पावलं परत जवळ आली.

"दिसतंय का काही अजून?"

"नाही."

"मग काढा ना तो."

"काढतो," बाप म्हणाला, आणि तसाच बसून राहिला.